गुंडाअण्णांच्या बांधावरची निशिदी

आमची नात संयोगिता विद्यापीठात काय शिकते, हे मला गावात अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. आमच्या शाळेत एकच गुरुजी सगळे विषय शिकवायचे. हिचं उलटं. एक इंजिनियर, एक माती तपासणारी, एक वकिलीचा, आणि माणसांचा अभ्यास करणारी ही. चौघांनी मिळून प्रश्न एकच सोडवायचा. मला त्याचं लय कौतुक. पोरगी मात्र या उन्हाळ्यात पार दमून गेली होती.

प्रश्न होता सांगलीकडच्या एका गावातल्या खारवट जमिनीचा. उसाला पाणी पाजून पाजून तिथल्या पायगोंडा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात मीठ वर आलेलं. जमिनीखालून पाइप टाकून ते पाणी ओढ्यात काढायचं. पण मध्ये गुंडाअण्णांचं रान. पायगोंडाचेच भाऊबंद, पण दोघांत बोलणं नाही. अण्णांची संमती पावसाआधी मिळायला हवी होती, कारण एकदा उसाची लागण झाली की दीड वर्ष रान उकरता येत नाही. आणि अण्णा नुसतं "न्हाई" म्हणायचे.

"आबा, तुमीच चला. तुमाला बोलायला लय येतं," संयोगिता म्हणाली. निघालो कोरेगावहून. अण्णांच्या सोप्यात बसून मेढ्याच्या मारक्या बैलापासून पलटणीतल्या थोरल्या भावापर्यंत सगळं सांगितलं. अण्णा पोट धरून हसले, चहा पाजला, आणि म्हणाले, "न्हाई."

"अण्णा, कारण तरी सांगा," पोरगी रडकुंडीला आली.

"अगं बाई, रोज एक नवा येतो. एक माती नेतो, एक काठ्या रोवतो, एक सही मागतो. मी माणूस एकच. कुणाकुणाला सांगू?"

संयोगितानं लगेच फोन करून बरोबरच्या तिघांना बोलावून घेतलं. "सगळे एकदम अण्णांबरोबर बांधानं चाला. कुणी काही विचारायचं नाही."

भर उन्हात निघालो. बांधाच्या टोकाला एक बुटका दगडी चौथरा, त्यावर पावलं कोरलेली. अण्णांनी चपला लांबच काढल्या. चौथऱ्यावरून पांढऱ्या फक्कीची रेघ आरपार गेली होती. पाइपाची.

"ही माझ्या पणजीची निशिदी. अन्नपाणी सोडून तिनं देह ठेवला, त्याची खूण. आमी हितं पाया पडतो. एकानं तिच्यावर रेघ मारली. एकीनं कडेची माती उकरून पिशवीत भरली. आन् ह्यो बूट घालून वर बसला, सही मागायला."

वकिलीचा जयराज खाली बघत म्हणाला, "अण्णा, मला वाटलं बसायचा कट्टा आहे."

"नकाशात काय लिवलंय?"

"दगड," इंजिनियर पुटपुटला.

"मी तर इथवर आलेच नव्हते," संयोगिता म्हणाली. "सोप्यातच बसून प्रश्न विचारत राहिले."

मग चौघं तिथंच मातीत बसली. पाइप लांबून वळवायचा तर उतार कमी पडतो, इंजिनियर म्हणाला. वरच्या अंगाला मुरूम आहे, खोल खणता येईल, मातीवाली म्हणाली. पण ती वाट पायगोंडाच्या उसातनं जाते, जयराज म्हणाला. गर्दी बघून पायगोंडाही येऊन उभा होता.

"म्हंजे माझाच ऊस मोडायचा?"

"आन् रान कुणाचं सुधारतंय रं?" अण्णांनी विचारलं. कित्येक वर्षांनी ते त्याच्याशी बोलत होते.

पायगोंडानं डोकं खाजवलं. "मोडा उसाच्या दोन सऱ्या."

"मग मी सही देतो," अण्णा म्हणाले. "पर खणताना मी हितं उभा ऱ्हाणार. आन् तुमी चौघंबी."

परतीच्या एसटीत मला नुसतं उधाण आलं होतं. शेजारच्या माणसाला सगळी हकिकत दोनदा ऐकवली.

"आबा, जिंकल्यासारखं काय सांगताय?" संयोगिता खिडकीला डोकं टेकून म्हणाली. "उतार पुन्हा काढायचा, माती पुन्हा तपासायची. पाऊस तोंडावर आलाय."

"मग सोडायचं म्हणतीस?"

"सोडू कशाला? उद्या सकाळी परत जायचंय."

उंब्रज यायच्या आत ती झोपली. पायांतल्या बुटांवर रानातली पांढरी माती तशीच होती.