माझ्या हातून गेलेलं मुलाचं मत

मलकापुरात आम्ही निवृत्त शिक्षक आठवड्यातून एकदा जमतो. परवा विषय निघाला, देशातली मतदानाची पद्धत बदलावी का? ज्याला जास्त मतं तो निवडून येतो आणि बाकीच्यांची मतं मातीत जातात, हे किती दिवस चालवायचं? मी पसंतीक्रमाच्या बाजूने बोललो. शिक्षक मतदारसंघात आम्ही उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालतोच. पहिला पडला तर मत दुसऱ्याकडे जातं.

"आवं सर, आपल्यातल्याच बी.एड. झालेल्यांची मतं आकड्याऐवजी खूण केली म्हणून बाद होत्यात," एकजण म्हणाला. "गावाला काय शिकवताय?"

सगळे हसले. त्याचं खोटं नव्हतं. तरीही मी हट्टाने बोलत राहिलो, मत वाया जायची भीती गेली की माणूस मनासारखं मत देईल. आवाज चढला तसा शेजारच्याने विचारलं, "एवढं मनाला का लावून घेताय?"

माझा मुलगा सैन्यात होता. जवानाला आपल्या वतीने मत द्यायला गावाकडचा माणूस नेमता येतो, तसं त्याने मला नेमलं होतं. विधानसभेच्या निवडणुकीआधी त्याचा फोन आला.

"अण्णा, माझं मत हवालदारांना."

हवालदार म्हणजे पलूसकडचे एक निवृत्त फौजी. भरतीआधी रोज पहाटे माझ्या मुलाला त्यांनीच पळवलं होतं. अपक्ष उभे होते. पाठीशी ना साखर कारखाना, ना कुठला पक्ष.

"अरे, ते पडणार. मत कशाला वाया घालवतोस?"

"पडू द्यात की! मत माझं हाय न्हवं? शब्द दिलाय मी त्यांना."

मतदानाच्या दिवशी माझ्या मतासाठी तर्जनीला शाई लागली, त्याच्या मतासाठी मधल्या बोटाला. दोन्ही वेळा मी एकच बटण दाबलं. लढत चुरशीची आहे, असं जो तो म्हणत होता. नको तो माणूस निवडून येईल, या धास्तीने मी दाबलं. संध्याकाळी मुलाने विचारलं, "दिलं?"

"दिलं बघ," मी म्हणालो.

माझा उमेदवार मोठ्या फरकाने आला. आम्हा दोघांच्या मतांवाचूनही आला असता. गावातल्या केंद्राचा आकडा कळला तेव्हा चहाच्या टपरीवर आरोळी उठली, "हवालदाराला भोपळा!"

"एवढी पोरं पळवली, एकाच्या बी घरातनं मत न्हाई व्हय रं?"

मीही हसलो होतो.

पुढच्या हिवाळ्यात मुलाची गाडी दरीत कोसळली. त्याला तिरंग्यात गुंडाळून घरी आणलं.

पसंतीक्रम असता तर मी पहिला आकडा हवालदारांपुढे घातला असता, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. पद्धत बदलावी असं आजही वाटतं. पण त्या दिवशी मुलाने मला माझी पसंती विचारलीच नव्हती.

त्या बैठकीनंतर दुसऱ्याच दिवशी मी पलूसला गेलो. हवालदार गोठ्यापुढे वैरण कापत होते. "आवं सर, या की," म्हणाले. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "माझ्या पोराने शब्द मोडला नव्हता. मी मोडला."

ते खाली बसले. हातातला विळा बाजूला ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"मला वाटलं, पोरगं उलटलं," ते म्हणाले. "लय फोन करायचा वो. मी उचलायचं बंद केलं हुतं."

मला ते ठाऊक होतं. शेवटच्या दिवसांत मुलाने विचारलं होतं, "अण्णा, हवालदार माझा फोन का उचलत न्हाईत? माझं काय चुकलं का?"

ऊसतोड चालू आहे, असतील रानात, असं मी त्याला सांगितलं होतं.