चार नऊ आणि एक शून्य

मला हे सांगायचं नव्हतं. पल्लवीनं, माझ्या नातीनं, मागे लागून लागून जीव खाल्ला म्हणून बसलो. ती वेबसाइट बनवते. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसते, कानात बोळे घालून रंगीत चौकोनांशी भांडते आणि संध्याकाळी दमले म्हणते. परवा फोन आपटून म्हणाली, "आबा, गिऱ्हाईक म्हणते नाव मोठं करा. चौथ्यांदा मोठं केलं!" माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचा सेठही असाच होता." झालं! तेव्हापासून 'सांगा ना, सांगा ना.' आता मी बोलतो, ती टाइप करते. मी 'मले' म्हणतो, ती 'मला' करते. करू दे. मी तिसरीत शाळा सोडली, तिच्याशी कोण भांडेल?

आणि किस्से म्हणजे जुन्या डब्यातला रंग. वरून कोरडा दिसतो, काडी घातली की तळापासून सगळाच वर येतो.

तर मी दौलत पेंटर. नागपुरात सदरच्या एका गल्लीत खुशालसेठचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांचा टीव्ही नुकताच रंगीत झाला होता, तेव्हाची गोष्ट. सेठ आधी सायकली भाड्यानं द्यायचा. कुणीतरी त्याला मुंबईहून पाच मशिनी आणून दिल्या. लाकडी कपाट, आत टीव्ही, समोर एक दांडा आणि दोन बटणं. काउंटरवर टोकन द्यायला कुसुमबाई, इंदोऱ्याच्या, मॅट्रिक पास. मशिनी दुरुस्त करायला युसूफभाई, मूळचे रेडिओ मेकॅनिक. मी फक्त पाटी रंगवायला गेलो होतो. पाच वर्षं अडकलो.

*

पाटीचंच आधी सांगतो. 'खुशाल व्हिडिओ गेम' एवढंच लिहायचं होतं. लिहिलं. सेठ रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "दौलत, और बड़ा!" पुसलं, मोठं लिहिलं. "और बड़ा!" तिसऱ्या वेळी 'खुशाल व्हिडिओ' आमच्या भिंतीवर मावलं आणि 'गेम' शेजारच्या टेलरच्या भिंतीवर गेलं.

मी म्हणालो, "सेठ, टेलर चिडन ना!"

"काहून चिडन? त्याले फुकटात पाटी भेटली!"

दुसऱ्या दिवसापासून अर्धी गिऱ्हाइकं टेलरकडे. तो बिचारा गळ्यात टेप टाकून दारात उभा राहायचा आणि दिवसभर ओरडायचा, "गेम तिकडे! इथं फक्त पायजामा!"

*

पाचांपैकी दोन मशिनी काळ्या-पांढऱ्या निघाल्या. सेठचा चेहरा पडला. मला म्हणाला, "दौलत, तू पेंटर आहे ना? मग हे रंगीत करून दे."

मी काचेवर जिलेटिनच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. वर आकाश म्हणून निळी, खाली जमीन म्हणून हिरवी, आणि जिथं आकडा यायचा तिथं पिवळी. दिसायला झकास! फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. विमान पट्टी बदललं की रंग बदलायचं.

पहिल्याच दिवशी कॉलेजातला एक पोऱ्या काउंटरवर भांडायला आला. "हे काय लावलं? विमान खाली हिरवं, वर गेलं का निळं!"

सेठ जागचा हलला नाही. "वर थंडी नसते का?"

पोऱ्या विचार करत परत गेला.

*

एकदा भिवापूरचे एक काका आले. मिरची विकून गावी परतत होते, गाडीला वेळ होता. पांढरं धोतर, डोक्याला टोपी. मोठ्या तब्येतीनं एक डाव खेळले, "मजा आली गा!" म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

त्यांच्यामागून जो खेळला तो दोन मिनिटांत रडायला लागला. आम्हाला वाटलं, हरला म्हणून. त्याच्या मागचाही रडला. तिसरा रडला तेव्हा युसूफभाई धावले. "मशीन जल रही है! धूर आहे आतमंधी!" मेन स्विच बंद. मागची फळी खोलली, आत हात घालून पाहिलं, नाक लावून वास घेतला. काही नाही. युसूफभाईंनी घाम पुसला, म्हणजे कपाळ पुसलं, डोळे पुसले, आणि तेही रडायला लागले!

कुसुमबाईंनी फक्त दांड्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या काकांच्या हातांकडे. बोटं लालभडक.

काका उठून उभे राहिले. "पण मी त एकच डाव खेळलो ना बाप्पा!"

*

आमच्या वरच्या मजल्यावर एका साहेबाचा कॉम्प्युटर क्लास होता. गणपतीच्या आधी ते चौकटीचा कागद घेऊन खाली आले. "पेंटर, या चौकोनांमध्ये गणपती काढून द्या. जिथं उजेड हवा तो चौकोन भरा. मग मी एकेक चौकोन मशीनमध्ये टाकतो."

आता ब्रशनं गणपती मी डोळे मिटून काढतो. पण चौकोनांत सोंड वळतच नाही! पायरी-पायरीनं उतरते. चार दिवस मी खोडत होतो, आठ दिवस साहेब मशीन बंद न करता बोटं बडवत होते. पल्लवी इथं टाइप करता करता थांबून म्हणते, "आबा, माझं काम हेच तर आहे!" असेल. पण तुला आठ दिवस लागत नाहीत.

नवव्या दिवशी साहेबांनी वरून वायर सोडून आमच्याच एका मशिनीतल्या टीव्हीला जोडली. सगळे जमले. खापरखेड्याचे वामनरावही होते. हे वामनराव वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला, दर सुट्टीला बसनं यायचे, आमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. पडद्यावर गणपती उमटला. सेठनं चपला काढल्या. कुणीतरी हात जोडले.

आणि लाइट गेली.

लाइट आली तेव्हा पडदा कोरा. सगळं पुन्हा टाकायचं! साहेब तर खालीच बसले. आणि लाइट गेली की आमच्याकडे नेहमी व्हायचं तेच झालं. सगळ्यांनी माना वळवून वामनरावांकडे पाहिलं.

"मले काहून पाहून राहिले? मी कोळसा ढकलतो, बटण माझ्याजवळ नाही!" वामनराव म्हणाले. मग साहेबांच्या पाठीवर हात ठेवून, "दीड मिनिटाचा होता साहेब. विसर्जन झालं म्हणा."

*

लाइट गेली की मशिनीही सगळं विसरायच्या. कुणी किती आकडा केला, सगळं शून्य. रोज भांडणं. "काल माझे पन्नास हजार होते!" "कोणी पाहिले?" म्हणून सेठनं मला पत्र्याचा काळा बोर्ड करायला सांगितला. मशीन विसरली तरी बोर्ड विसरणार नाही!

नियम कुसुमबाईंनी घातला. खेळ संपताना मशीन दाखवेल तोच आकडा लिहायचा. तो दोघांनी पाहिलेला असला पाहिजे, खेळणारा त्यात धरायचा नाही. "पेंटर, आपल्या मनानं एक टिंबही टाकाचं नाही."

बोर्डावर सगळ्यात वर नाव होतं के. एल., सत्त्याऐंशी हजार चारशे पन्नास. हा के. एल. कोण, कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे इंजिनिअरिंगचा पोरगा, कुणी म्हणे मिलिटरीवाला. खरं फक्त मला आणि युसूफभाईंना माहीत होतं. सकाळी शटर अर्धं वर करून मशिनी तपासायचं काम कुसुमबाईंचं. तपासता तपासता तो आकडा झाला होता, आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत. के. एल. म्हणजे कुसुम लक्ष्मण.

"कोणाले सांगाचं नाही," तिनं बजावलं होतं. "बाई खेळते म्हटलं का लोक मशीन सोडून मलेच पाहत बसतील."

वामनराव वर्षभर त्या के. एल.च्या मागे लागले होते. दर सुट्टीला टोकन घेताना तिलाच विचारायचे, "हा के. एल. येतो तरी कधी वं, कुसुमताई? एक डाव पाहू द्या ना त्याचा!"

टोकन मोजत ती म्हणायची, "येतो. तुमच्या आधी येतो."

*

मग वामनरावांची चंद्रपूरला बदली झाली. शेवटच्या रविवारी आले, बाह्या सरसावल्या. "आज के. एल.ले खाली पाडूनच जातो!"

त्याच आठवड्यात नवी रंगीत मशीन आली होती. सगळी गर्दी तिच्याभोवती. माझ्या पट्ट्यांच्या जुन्या मशिनीवर एकटे वामनराव, आणि बाजूला मी, कपाटाला रंग देत. पिवळ्या पट्टीखाली आकडा वाढत होता. सत्त्याऐंशी हजार गेले. मी ओरडलो, "युसूफभाई! कुसुमबाई! इकडे या!" त्या गलक्यात कोण ऐकतो? नव्वद हजार. वामनरावांची मान घामानं थबथबली. पंच्याण्णव. चार नऊ आणि एक शून्य.

लाइट गेली.

अंधारात सवयीप्रमाणे सगळे हसत ओरडले, "वामनरावऽऽ!"  ते दांडा धरून तसेच उभे होते.

लाइट आल्यावर मी बोर्ड उतरवला आणि सगळ्यात वर लिहिलं. वामनराव, ९९,९९०. लिहून होतं तोच कुसुमबाई आली.

"कोणी पाहिलं?"

"मी."

"दुसरं?"

मी वामनरावांकडे पाहिलं.

"अन् नव्व्याण्णव हजार? इतका आकडा ही मशीन दाखवतच नाही. जाऊन राहिले म्हणून दया आली असन तुमाले. पेंटर, तुम्ही खोटं लिहिलं."

सगळ्यांसमोर! पंचवीस वर्षं ब्रश धरला होता मी. 'शुद्ध तुपाची मिठाई' लिहिलं असेल, पण ते खोटं हलवायाचं. माझं नाही. आणि नऊ मी झोपेतही ओळखतो. आधी पोट, मग शेपूट.

सेठ म्हणाला, "दौलत, मिटा दे ना यार. झगडा नको." टर्पेंटाइनची चिंधी घेऊन मीच माझ्या हातानं तो आकडा पुसला.

वामनरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या, पेंटर. तुम्ही पाहिलं, मी पाहिलं. आपल्यापुरते दोन झाले ना?" जाताना काउंटरवर थांबले. "के. एल. आला त सांगा कुसुमताई, वामन येऊन गेला म्हणून."

त्यानंतर दीड महिना मी कुसुमबाईशी बोललो नाही. "पेंटर, चहा?" म्हणाली की मी भिंतीकडे पाहायचो.

*

एका सकाळी शटर अर्धं वर होतं. युसूफभाई तारा जोडत होते, मी फाटलेली हिरवी पट्टी बदलत होतो. कुसुमबाई जुन्या मशिनीवर. एकाएकी युसूफभाई म्हणाले, "दौलत, देख, देख!"

पिवळ्या पट्टीखाली चार नऊ आणि एक शून्य.

तिनं अजून एक विमान पाडलं, आणि आकडा गेला! पाचच्या पाच घरांत शून्य. अजून एक पाडलं. दहा. मग तिनं दांडाच सोडला. विमान फुटलं, खेळ संपला, मशीन दाखवत राहिली, दहा.

"घूम गया!" युसूफभाई म्हणाले. "पाच घरं आहेत, सहावं कुठून आणन मशीन?"

 कुसुमबाईनं खिळ्यावरचा बोर्ड काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"वामनरावांचा लिहा."

"किती?" मी विचारलं. मुद्दामच विचारलं.

"चार नऊ. एक शून्य."

मी लिहिला.

"आता के. एल.चा."

"तो आहे ना. सत्त्याऐंशी हजार."

"पुसा. मशीन दाखवून राहिली तोच लिहा. तुम्ही पाहिलं, युसूफभाईनं पाहिलं. दोन झाले."

मी लिहिलं. के. एल., १०.

त्या दिवशी अख्खं दुकान बोर्डासमोर हसत होतं. "के. एल.चा हात मोडला का गा?" "दहा! माझी आजी काढन दहा!" कुसुमबाई टोकन देत होती. 

चंद्रपूरला कार्ड कुणी टाकलं मला माहीत नाही. मला तर पाटीपलीकडे लिहिता येत नाही. पण दिवाळीत वामनराव आले. बोर्डासमोर उभे राहिले, स्वतःचा आकडा वाचला, खालचा वाचला, पुन्हा वाचला. मग काउंटरवर येऊन म्हणाले, "कुसुमताई, हा के. एल. मोठा माणूस असला पाहिजे वं."

तिनं टोकन पुढे सरकवलं. "येतो अधूनमधून."

बोर्ड दुकान बंद होईस्तोवर तसाच होता. ती अजून आमच्या घरी येते, माझ्यासमोर बसून चहा पिते, पल्लवीला म्हणते, "तुझ्या आबाचं अक्षर लय सुंदर होतं." पण मला खोटारडा म्हणाली होती, चार माणसांत, त्याचं काय? 'चुकलं माझं' म्हणायला किती वेळ लागतो? पल्लवे, नाव लिही. पूर्ण लिही. मोठं कर. अजून मोठं.

कुसुम लक्ष्मण मेश्राम.