बायकोच्या मातीचा सौदा

पिंपरीत कारखाने यायला लागले तेव्हा मी तिथं लाकडाची वखार टाकली. कुणाचा आधार नव्हता. एका फळीवरून गिऱ्हाइकाशी घसा बसेपर्यंत भांडायचो. त्याच दिवसांत आम्ही नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला आणि गावाकडच्या, चिखलीच्या घरानं आम्हाला वाळीत टाकलं.

पहिल्याच बाळंतपणात बायको गेली. मूलही गेलं. जाण्याआधी ती म्हणाली होती, "मला जाळू नका. मातीत ठेवा. प्रभू हाक मारील तेव्हा मी तिथनंच उठंन."

सकाळी थोरला भाऊ भावकीतली चार माणसं घेऊन आला. उंबरा न ओलांडता म्हणाला, "घाटावर नेऊ तिला. दहावा आमी करतो. तू परत आमच्यात आलास, सगळं मिटलं."

"आणि नाही नेली तर?"

"तर खांदा न्हाई. बघ बाबा, लाकडाचा येपारी तू, आन् बायकोला लाकूड न्हाई!"

माझं डोकं फिरलं. तरी त्याच्या अंगावर गेलो नाही. घर, भाऊ, गाव, सगळं परत मिळत होतं आणि मी अगदी एकटा होतो. जन्मभर घासाघीस केली, पण त्या दिवशी एवढंच मागितलं, "दादा, नुसता खांदा दे. बाकी काही नको."

"न्हाई," म्हणाला आणि माणसं घेऊन निघून गेला.

पेटीच्या फळ्या मीच कापल्या. बाळ तिच्या कुशीत मावेल एवढी रुंदी ठेवली. आमच्या चर्चच्या मंडळीतले तीन कामगार आणि चौथा मी, असे तिला खडकीच्या बाजूच्या कबरस्तानात घेऊन गेलो.

माती लोटल्यावर मी प्रार्थना म्हणायला आलेल्या पाळकांवरच खेकसलो, "कधी भेटेल ती? नीट सांगा!"

"कधी ते मला ठाऊक नाही, भाऊ. भेटेल, एवढं प्रभूनं कबूल केलंय."

विसाराचे पैसे हातात पडल्याशिवाय मी कुणाचा शब्द धरला नव्हता. हा एकच तसाच धरला. उभा राहायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

आजही तिला भेटेन याची मला खात्री आहे. भावासाठी प्रार्थना करायला बसतो, तेव्हा मात्र दाराशी उभा राहून "न्हाई" म्हणणारा तोच दिसतो. प्रार्थना तिथंच थांबते, आणि मी रडतो.