पडद्यावरची रानडुकरं

रानडुकरं टोमॅटो-वांग्यांचा मर रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात कशी नेतात, हे संगणकावर चालवून बघण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. मुळशीचा नकाशा चौकटींत कापलेला, प्रत्येक डुकराचा एक काळा ठिपका. ठिपका रोगट चौकटीत शिरला की त्याच्या खुरांना माती लागायची आणि पुढच्या चौकटीत सांडायची. मी कळ दाबली की ठिपके आपापले चालू लागायचे.

दर मंगळवारी मी भरे गावापासून सुरुवात करून शेतं फिरायचे आणि मातीचे नमुने घ्यायचे. कासार आंबोलीत माझ्याच वयाच्या एका बाईचा मळा अजून निरोगी होता.

“म्याडम, औंदा टोमॅटो लावू का नको, येवढंच सांगा. न्हाईतर मका टाकते.”

तिच्या मळ्याशेजारी बंगल्यांची लांब भिंत होती. पडद्यावरचे ठिपके त्या भिंतीपर्यंत येऊन परत फिरत.

“लावा,” मी म्हणाले. “डुक्कर इथवर येत नाही.”

“त्ये मला बी ठावं हाय. माझं कुत्रं पयल्यांदा तुमालाबी येऊ देत न्हवतं.”

फळं धरली आणि बांधाकडची झाडं हिरवीच्या हिरवी माना टाकून उभी राहिली. मी एक खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं. कापातून मर रोगाचा पांढरा धागा निघाला आणि धुरासारखा सावकाश खाली उतरू लागला. तो तळाला लागल्यावर आम्ही दोघींनी वाकून बांध पाहिला. माती ओली होती. खुराचा ठसा एकही नव्हता.

कार्यालयात येऊन मी सगळी डुकरं काढून टाकली. शेतं ज्या क्रमाने आजारी पडली, तो क्रम तेवढा पडद्यावर ठेवला. हा क्रम मी कुठेतरी पाहिला होता. नमुन्यांची वही उघडली. मग एकच ठिपका टाकला आणि त्याला माझा मंगळवारचा रस्ता दिला.

तो भटकला नाही, चरला नाही. एका शेतातून सरळ दुसऱ्यात जात राहिला. थांबेल तिथली चौकट थोड्या वेळाने लाल होई. एकही चुकली नाही. खोलीत मी एकटीच होते, तरी मागे वळून पाहिलं. खुरपं मी दर वेळी स्पिरिटने पुसायचे. बुटांचे तळवे कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी मळ्यात न शिरता रस्त्यावरूनच तिला सगळं सांगितलं.

“म्हंजी डुकीर तुमीच.”

“हो.”

“आन मी वर च्या पाजत हुते.” ती हसली नाही. “आजून कुटंकुटं गेलता?”

मी वहीतून वाचत गेले. प्रत्येक शेताला ती त्या दिशेला मान वळवून बघत होती.

“पलीकडच्या वांग्यात? माझ्या भनीच्या?”

“परवाच.”

ती बांधावरून पळतच निघाली. मी मागोमाग पाऊल टाकलं, तशी न वळता ओरडली, “तुमी हायसा तितंच ऱ्हावा!”