कॅन्सरचं औषध शोधायला निघालेला भाचा

सुरतेला निघताना अमळनेर स्टेशनावर मी सगळ्यांना सांगितलं की मी कॅन्सरचं औषध शोधायला चाललोय. नोकरी लॅबमध्ये काचपट्ट्या धुण्याची होती. आई डोळे पुसत होती, आबा एवढंच म्हणाले, "मामाले जपजो." तुम्ही निम्मा गाव पोचवायला आला होतात, तुमच्यापुढे काचपट्ट्या कशा सांगणार?

नव्वदीची अखेर होती ती. सुरतेत लिंबायतला मामाच्या खोलीत पथारी पडली. मामा लूमवर, मामी घरी साड्यांना टिकल्या लावायची. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या महिन्यातच मी हरखून गेलो! आमच्या डॉक्टरबेन अन्ननलिकेच्या कॅन्सरवर काम करायच्या. एका दुपारी "आव, जो," म्हणत त्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावू दिला. निळ्या पेशींच्या कडेनं तपकिरी ठिपके! ते रिसेप्टर, म्हणजे पेशींच्या दारावरचे राखणदार. जंतू आला, जखम झाली की आरोळी ठोकतात आणि शरीराची फौज धावत येते. पण तंबाखूनं, कढत चहानं रोजच आग होत राहिली तर हे रोजच कोकलतात, सूज हटत नाही, आणि त्या धुमश्चक्रीत एखादी पेशी बिघडते, असा बेनचा कयास. गावी असतो तर कपाशीवर फवारणी करत असतो; इथे मी पेशींचे राखणदार बघत होतो!

रोज जेवताना मामाला हेच ऐकवायचो. डाळीची वाटी पेशी, कांद्याची फोड जंतू. मामा मान डोलवायचा, भाकरी पाण्यात भिजवून खायचा. मला वाटायचं, दात दुखत असतील.

एकदा मामी भांडी घासता घासता म्हणाली, "भाऊ, औषद कधी सापडी? त्यासले कोरडा घास उतरत नही. दवाखानामा चाला म्हनं तर म्हनतस, भाचा औषद आनी राह्यना, मंग कसाले?"

अन्ननलिकेवर एवढं कीर्तन करणाऱ्याला समोरची अन्ननलिका दिसली नव्हती! दुसऱ्या दिवशी मामाला रिक्षात घातलं. वाटेत म्हणालो, "मामा, मी तिथे काचा धुतो."

"आते धुवस," मामा म्हणाला. "पुढे सापडीच ना?"

दवाखान्यात दुर्बीण घातली, तुकडा काढला. तो बेनकडे आला तेव्हा त्यांनी मला खोलीबाहेर काढलं. मी जिन्यात उभा. ज्या ठिपक्यांनी मला वेड लावलं होतं, ते आता मामाचे होते. शेवटी दार उघडलं. "सोजो छे. कॅन्सर नथी. पण तमाकू आजथी बंध, नहीं तो आगळनुं कोई कही ना शके." नुसती सूज! मी दारातच उडी मारली, लादी ओली होती, आपटलो.

आज सुरतेत माझं स्वतःचं घर आहे, मुलं गुजरातीत भांडतात. पत्रातून विचारता, घर कुठलं म्हणतोस? जिथे आपली बढाई खरी मानून कुणी वाट बघत बसतं, मला वाटतं, तेच घर. म्हणून आता बढाई जपून मारतो. म्हणजे, प्रयत्न करतो.

तर तेव्हा दवाखान्यात मामाची अन्ननलिका रुंद केली, गोळ्या लागू पडल्या, आणि एका संध्याकाळी मामानं ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी कोरडीच मोडली. घास उतरला! दुसरा उतरला! मी उठून उभाच राहिलो. "बघ मामा, आता तुझे राखणदार काय करताहेत..." म्हणत वाटी पुढे ओढली, कांदा उचलला. मामीनं कांदा माझ्या हातातून काढून मामाच्या ताटात ठेवला.

"त्यासना गळा मोकळा झाया," ती म्हणाली. "आते तुना जरासा बंद कर."