शर्टाने पुसलेली अक्षरं

“शर्ट काढ. त्यानेच पूस.”

पोलीस साहेब एवढंच म्हणाला. ओरडला पण नाही. मोबाईलमध्ये काहीतरी बघत होता, मान वर न करता म्हणाला.

समोर माझा बाप उभा होता, अण्णा. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. साहेब असेल पस्तिशीचा. अण्णा त्याच्या बापाच्या वयाचे. वागळे इस्टेटच्या कंपनीत अण्णांनी उभी हयात घालवली, तिथला सुपरवायझरसुद्धा त्यांना अहो-जाहो करतो. हा सरळ ‘पूस’ म्हणाला.

अण्णांनी शर्ट काढला. बनियनवर उभे राहिले. भर चौकात, संध्याकाळी, रिक्षा स्टँडसमोर. मग शर्टावर थिनर ओतलं आणि स्वतःच भरलेली अक्षरं पुसायला लागले. रंग ओला होता. काळ्या दगडावर पसरत गेला. नावं होती तिथे नुसते पांढरे फराटे.

मी बाजूलाच. माझा दंड एका महिला पोलिसाने धरलेला. घट्ट नाही. पण धरलेला. रिक्षावाले बघत होते. एकजण फोनवर शूटिंग करत होता. वस्तीतली माणसं खाली मान घालून उभी होती, जसं काही शर्ट सगळ्यांचाच उतरवला होता.

हे का झालं ते सांगते.

कल्याणच्या पुढे, शहाडच्या वाटेवर आमची वस्ती. वस्तीच्या तोंडाशी चौक, चौकात हुतात्मा स्तंभ. स्वातंत्र्यासाठी मेलेल्या इथल्या माणसांची नावं त्यावर कोरलेली आहेत. दगड काळा. अक्षरांत रंग भरला नाही तर दोन हातांवरूनही वाचता येत नाहीत.

तो रंग आम्ही भरतो. दरवर्षी स्तंभाला हार घालायचा दिवस असतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी वस्ती जमते. बाया दगड धुतात, पुरुष ब्रश घेऊन बसतात. आम्ही त्याला ‘अक्षरं उजळणं’ म्हणतो. आज्याने केलं, मग अण्णांनी. लहानपणी मला सगळ्यात खालची ओळ मिळायची, कारण हात तिथपर्यंतच पुरायचा. कोणी सांगितलेलं नाही, कोणी नेमलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढारी येतात. हार घालतात, भाषण करतात, जातात. आम्ही पोलिसांनी बांधलेल्या दोरीच्या बाहेर. खरं सांगते, तेव्हा यात कोणाला काही खटकायचं नाही. उलट अभिमान. पेपरात फोटो आला की अण्णा त्यावर बोट ठेवायचे, “बघ, हा ‘क्ष’ माझा.”

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायला घेतला आणि आमची पाण्याची लाईन तुटली. तुटली ती तुटलीच. बाया रेल्वेच्या पलीकडून हंडे आणायला लागल्या. आईचा खांदा सुजला. पालिकेत गेलो तर या खिडकीतून त्या खिडकीत. शेवटी मी पत्रक लिहिलं. कॉलेजपासून मी संघटनेत आहे, पत्रकं लिहूनच मराठी सुधारलं माझं. ठरलं असं, की अक्षरं उजळून झाली की तिथेच थांबायचं. रिकामे हंडे स्तंभासमोर ठेवायचे आणि बोलायचं. शिव्या नाहीत, रास्ता रोको नाही. पाणी द्या, एवढंच.

पोलिसांना कळवलं नाही. डोक्यातच आलं नाही कोणाच्या. रंग भरायला कधी विचारावं लागलं नाही, म्हणून बोलायलाही विचारावं लागणार नाही असं आम्हाला वाटलं. जो दगड आपण धुतो तो आपला, असं धरून चाललेलो आम्ही.

पोलिसांची गाडी आली तेव्हा अण्णा शेवटच्या ओळीवर होते. साहेबाने हंडे बघितले. पत्रक वाचलं.

“जमावबंदी लागू आहे. माहीत नाही?”

मी म्हटलं, “मग हे रंग भरणारे? तेही पाचाच्या वर आहेत.”

“ते काम करतायत. रंग भरायचा तर भरा. बोलायचं नाही.”

हे वाक्य मी विसरणार नाही. काम करताना आम्ही जमाव नाही. तोंड उघडलं की जमाव.

मी पत्रक वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. दोन ओळी झाल्या असतील. महिला पोलिसाने दंड धरला आणि कानाशी म्हणाली, “ताई, ऐक ना गं. आमच्यावर येतं.” साहेब माझ्याकडे वळलाच नाही. तो अण्णांकडे गेला.

“हिचा बाप तू? सरकारी स्मारकावर रंग कोणाच्या परवानगीने लावला?”

अण्णा म्हणाले, “साहेब, दरवर्षी आम्हीच...”

“शर्ट काढ. त्यानेच पूस.”

मला चौकीत बसवून ठेवलं, समज देऊन सोडलं. घरी आले तर अण्णा शर्ट धुवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकात मंडप. डीजे. बाईकची रॅली. अर्धा रस्ता खुर्च्यांनी अडवलेला. जमावबंदी तीच, चौक तोच. बंदोबस्ताला तोच साहेब, पाहुण्यांच्या गाड्यांना हाताने वाट दाखवत. मध्येच एक अ‍ॅम्ब्युलन्स अडकली. सायरन डीजेत ऐकूच येईना. कालची ती महिला पोलीस एकटी धावली, एकटीने खुर्च्या उचलून बाजूला टाकल्या. हेही लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिते.

आणि मग आमच्या दारात पुढाऱ्याचा कार्यकर्ता आला. सोबत एक हवालदार.

“अण्णा, चला चला, पटकन. आमच्या साहेबांची गाडी दुर्गाडी पुलापर्यंत आली. फोटोत नावंच दिसत नाहीयेत हो. दगडाला चुना फासल्यासारखं दिसतंय.”

मी म्हटलं, “काल पुसायला लावलं तेव्हा कुठे होतात?”

“ते काल गं. आज मी सांगतोय ना. कोण अडवतो बघतो.” हवालदार जमिनीकडे बघत होता.

अण्णा वाकले. खाटेखालून डबा ओढला. सवयच ती. मी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि पोटाशी धरला.

“अगं दे,” अण्णा म्हणाले. “हुतात्म्यांचं काम आहे. त्यांच्यावर कसला राग?”

“त्यांच्यावर नाही. यांना विचारा, रंग भरल्यावर आज बोलायला देणार का.”

कार्यकर्ता हसला. “तू पण ना ताई, त्या पत्रकातून बाहेर ये जरा. बोलायला आमचे साहेब आहेत की. तुमचंच बोलतील.”

दाराबाहेर दोरीवर तो शर्ट लटकत होता. दोनदा धुऊनही पांढरे डाग तसेच, थिनरचा वास तसाच. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. आई आतून बाहेर आली, दाराशी उभी राहिली. मग अण्णा खाटेवर बसले.

“माझा शर्ट वाळला नाही.”

“अहो, दुसरा घाला ना अण्णा!”

“नाही वाळला म्हटलं ना.”

दोघं निघून गेले. पुढाऱ्याने फराट्यांनाच हार घातला. आमचं पाणी त्याच्या भाषणात आलं नाही.

अजून आलेलं नाही. भाषणातही नाही, नळातही नाही.

लोक मला सांगतात, पोलिसांचं पण बघायला पाहिजे. बघितलंय मी. चौकात पोलीस हवेत. अ‍ॅम्ब्युलन्स जायला पाहिजे, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडता आला पाहिजे, कोणी दगड उचलला तर त्याचा हात धरला पाहिजे. ते त्यांनी जरूर करावं, आम्ही मदत करू. पण वाट मोकळी ठेवायचा नियम आणि तोंड बंद ठेवायचा हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम असेल तर मंडपालाही लावा. मंडपाला लागत नसेल, फक्त हंड्यांना लागत असेल, तर त्याला मी कायदा म्हणत नाही. ती जुनीच दोरी आहे. आत कोण, बाहेर कोण, एवढंच ठरवणारी.

आणि ती दोरी आम्हीपण धरली होती इतकी वर्षं. दगड धुऊन, अक्षरं भरून, गुपचूप मागे सरकून.

यंदाचा दिवस जवळ आला. यावेळी पोलिसांना लेखी कळवलंय. कुठे बसणार, कुठली बाजू गाड्यांसाठी मोकळी ठेवणार, आमचे स्वयंसेवक कोण, सगळं. कळवलंय. विनवलं नाही. साहेब बदलून गेला. नवीन साहेबाने वाचलं, पाणी पाजलं, गोड आवाजात म्हणाला, “रंगकामाला काही हरकत नाही. बाकीचं बघू.”

अण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. अंगात तोच डागांचा शर्ट. ते म्हणाले, “बाकीचं आधी.”

तर हे पत्रक समजा. आधी हंडे ठेवणार. आधी बोलणार. उचललंत तर सुटून परत येऊन बोलणार. बोलून झालं की अक्षरं उजळू, दरवर्षीसारखी.

नाही बोलू दिलं तर ब्रश उचलणार नाही. कोणीच नाही, वस्तीतलं लहान पोरही नाही. मग खुशाल या हार घेऊन. दगड काळाच असेल. कोणाला हार घालताय, ते तुम्हालाच वाचता येणार नाही.