कंसाच्या आतली नावं

नजीरभाईंशी मी पहिल्याच दिवशी भांडले. सदतीस वर्षं वर्गात ओरडण्यात गेली, आता स्वभाव थोडाच बदलणार? पण जळगावातलं त्यांचं टायपिंगचं दुकान फार शांत. वडील रफू करायचे, हे कॉम्प्युटरवर पुस्तकं जुळवतात. कोडिंग कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत, मोबाइलवर बघून बघून शिकले.

माझं काम असं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून मी बारा वर्षं बायांची गाणी गोळा केली आणि वेबसाइटवर चढवली. आता ती वेबसाइट महिनाअखेर बंद होणार, असं चालवणाऱ्यांनी कळवलं. सहाशे बारा गाणी! म्हटलं, पुस्तकच काढू. भुरीबाईनं पहिलं गाणं देतानाच बजावलं होतं, "गानं ले, पन मन्हं नाव लिखजो." तसा शब्द मी प्रत्येकीला दिला होता.

नजीरभाईंनी सगळी पानं उतरवून घेतली. एक उघडून दाखवलं तर काय, गाणं कुठंतरी मधे आणि भोवती टोकदार कंसांचा नुसता गुंता.

"मॅडम, कंसातलं ब्राउझरसाठी, बाहेरचं तुमच्यासाठी," ते म्हणाले आणि त्यांनी एक ओळ लिहिली. रेजेक्स म्हणतात तिला. नेमका शब्द सांगायचा नाही, नुसती ठेवण सांगायची: कंस उघडला की मिटेपर्यंत जे असेल ते उडव. पहिल्या फटक्यात पहिल्या कंसापासून पार शेवटच्या कंसापर्यंत सगळं उडालं, गाण्यासकट. मी "अगं बाई!" म्हणून किंचाळले.

"हावरट आहे जरा. थांबायला शिकवावं लागतं," म्हणत त्यांनी एक प्रश्नचिन्ह घातलं. चुटकीसरशी गाणी स्वच्छ होऊन पुढ्यात आली.

महिना संपला, वेबसाइट गेली. मग प्रूफ हातात आलं. चाळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाही बाईचं नाव नाही!

"नजीरभाई, नावं कुठं गेली?"

"नावं होती?"

"होती म्हणजे काय! गाण्यावर माउस नेला की दिसायची."

त्यांनी कीबोर्डवरचे हात काढले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ती कंसाच्या आत होती, मॅडम. तुम्हाला न विचारता मीच उडवली."

मी नको नको ते बोलले. त्यांची अक्कल काढली. आता कुठल्या तोंडानं पाड्यावर जायचं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला.

"अब्बा म्हणायचे, गिऱ्हाईक कपडा घालून घरी जाईपर्यंत कतरण फेकायची नाही. मूळ पानं ठेवलीत मी."

मग त्यांनी दुसरी ओळ लिहिली. या वेळी उलटं: बाहेरचं राहू दे, कंसाच्या आत अवतरणचिन्हांमध्ये जे आहे तेवढंच उचल. नावं भराभर खाली उतरली. भुरीबाई, गेंदा, उषा... प्रत्येक नाव आपापल्या गाण्याखाली बसलंय का, हे त्यांनी चार दिवस डोळ्यांनी ताडून पाहिलं. मला फार लाज वाटली. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून दुसरा चहा मी सांगितला.

नवं प्रूफ घेऊन मी पाड्यावर गेले. भुरीबाई अंगणात मोहाची फुलं निवडत होती.

"बठ्ठासना नावं शेतस ना?" तिनं विचारलं.

"आहेत गं, सगळ्यांची आहेत." मी तिचं नाव दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग प्रूफ मिटलं, तर कव्हरवरची मोठी अक्षरं तिच्यासमोर आली.

"आनि हाई कोनं नाव शे?"

"माझं."

"एवढं मोठं? तुन्हं गानं कोनतं शे, बाई?"

टोमणा नव्हता हो तो. तिला खरंच ऐकायचं होतं.

एसटीची वाट बघतानाच नजीरभाईंना फोन लावला. "कव्हरवरचं माझं नाव काढा. शेवटच्या पानावर घ्या, तुमच्या नावाखाली."

ते नेहमीच्याच शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझं नाव पुस्तकात नाहीये."

"मग टाका ना!" मी त्यांच्यावरच ओरडले.